आनंदीबाईंची फिलाडेल्फियातील खोली

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्याला नवे नाही. त्यांचे माहेर कल्याणचे. कल्याणवरून वाहणारी उल्हास आपल्या वसईच्या खाडीतच येते. तेव्हा बाई तशा शेजारच्याच म्हणायच्या. 11 मार्च 1886 रोजी त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे शाळेतले पोरही सांगते. परंतु मधली तीन वर्षे त्या काय खात होत्या आणि खोलीत शेकोटी पेटत होती की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. मी कामगार चळवळीतला माणूस. मला हेच आधी सुचते.

यजमान गोपाळराव टपालखात्यातले कारकून. प्रवासासाठी बाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या. 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तेथे रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी नेले. या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे खोळंबल्या असताना एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते. ओळख ती तेवढीच! आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज 1850 सालचे. डीन रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी 600 डॉलरची मदत मंजूर केली. हिशेब मांडा: महिन्याला सतरा डॉलरही पडत नाहीत.

खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर धूर, न पेटवावी तर गारठा. बाई शाकाहारी, स्वयंपाक स्वतःच करायचा, मग व्याख्यानांना जायचे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पण साडी सोडली नाही. मी दिवसपाळी करून रात्रशाळेत बसलो, तेव्हाचे फळ्यावरचे मला फारसे आठवत नाही. डुलकी आणि भूक तेवढी आठवते. म्हणून त्या धुराचे मला काही कौतुक वाटत नाही. मुलीची प्रकृती त्या दिवसांतच ढासळली. विद्येची किंमत अंगावर काढायला लावणारी व्यवस्था मला कारखान्यात खपत नाही, कॉलेजात तरी का खपावी?

10 ऑक्टोबर 1885 चे एक छायाचित्र आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशीच्या पोशाखात. चौदाव्या वर्षी बाईंना मुलगा झाला होता, तो दहा दिवसांत गेला. प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यानंतर सातच आठवड्यांनी, 1 मे 1886 ला, त्याच देशातले कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बाईंची नेमणूक झाली होती. ती जागा त्यांना सांभाळता आली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे.