घटाभोंवतालचें शेत

चिंचपाड्यास आमच्या घरीं आश्विन शुद्ध प्रतिपदेस पत्रावळीवर शेतांतील माती पसरून घटाभोंवतीं धान्य पेरितात. प्राचीन अथेन्सच्या स्त्रियाही अडॉनिसच्या उत्सवांत फुटक्या मडक्यांतून बडिशेप, लेट्यूस पेरीत. तीं रोपें छपरावर उन्हानें करपून जात. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादांत सॉक्रेटीस शंका घेतो कीं, शहाणा शेतकरी जपलेलें बीं अशा आठ दिवसांच्या बागेंत कशाला घालील? शंका मार्मिक खरी. पण आमच्या शेतकऱ्यास ती लागू नाहीं. त्याची रब्बीची पेरणी पुढेंच असते. गहूं, हरभरा, ज्वारी यांचें मूठभर बीं कसें उगवतें, तें नऊ दिवसांत घरबसल्या दिसतें. पोचट बीं तेव्हांच कळतें. दसऱ्यास तेच पिंवळसर कोंब टोपींत खोवून मंडळी सीमोल्लंघनास निघतात.