उद्गारातला ‘अ’

‘व्हॉट अ डे’ बरोबर आणि ‘व्हॉट अ वेदर’ चूक, याचं कारण शाळेत एका वाक्यात उरकतात: एकवचनी नाम मोजता येत असेल तर ‘अ’ लावा, नसेल तर नको. नियम कामाचा आहे. पण उद्गाराची ही घडण त्या नियमातून निघाली, असं मानायला इतिहासाचा आधार नाही. हा ‘अ’ म्हणजे मुळात ‘एक’ हा आकडाच. जुन्या इंग्रजीतल्या ‘आन’वरचा आघात गेला, तो झिजत ‘अन’ झाला आणि व्यंजनापुढे नुसता ‘अ’ उरला. उद्गारात मात्र त्याचं बस्तान शेक्सपिअरच्या काळातही पक्कं बसलेलं नव्हतं. हॅम्लेट माणसाची थोरवी सांगतो तिथे १६०४-०५च्या क्वार्टो प्रतीत ‘पीस’आधी ‘अ’ नाही, १६२३च्या फोलिओत आहे. खिळे जुळवणाऱ्याची चूक म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण ‘ट्वेल्थ नाइट’ पहिल्यांदा छापलं गेलं ते त्याच फोलिओत, आणि तिथे मॅल्व्होलिओपुढे वाढून ठेवलेल्या विषावर फेबियन उद्गारतो तेव्हा ‘डिश’आधी ‘अ’ येत नाही. ‘ज्युलियस सीझर’मधल्या वादळी रात्री कॅस्काही ‘नाइट’आधी तो गाळतो. तिथे वृत्ताची सबब चालेल. आधीचे दोन्ही उतारे मात्र गद्यातले आहेत.

यावर कोणी म्हणेल, तेव्हा भाषा सैल होती, आता नियम घट्ट झाला. मग ‘व्हॉट अ पिटी’चं काय करायचं? ‘शेम’, ‘रिलीफ’ यांचंही तेच. दोन ‘पिटी’ कोणी मोजत नाही, तरी ‘अ’ हटत नाही. तो इथे भावनेचा एक प्रसंग वेगळा काढून दाखवतो, हे स्पष्टीकरण मला पटतं. पण त्याच न्यायाने ‘लक’ आणि ‘फन’ यांनाही तो मिळायला हवा होता, आणि तो मिळालेला नाही. तर्क इथे थकतो, वहिवाट उरते. ऑटो येस्पर्सनने १९२४च्या ‘फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये मोजता येणारी आणि न येणारी नामं यांची नीट चर्चा केली, तोवर ही वहिवाट कधीच रुळलेली होती. ‘न्यूज’ घ्या. शेक्सपिअरकडे तो शब्द कधी एकवचनी, कधी अनेकवचनी. पुढे क्रियापद कायमचं एकवचनी झालं, पण ‘अ’ काही त्याच्या वाट्याला आला नाही.