बॉनेटवरचा क्रमांक
दुसऱ्या महायुद्धात जीएमसीने अमेरिकी सैन्यासाठी पाच लाखांहून अधिक अडीच टनी ट्रक बनवले. त्यांचा लष्करी नोंदणी क्रमांक बॉनेटच्या दोन्ही बाजूंवर रंगवलेला असे; आरंभीचा ४ हा अंक अडीच ते साडेचार टनी ट्रकांचा वर्ग दर्शवी. युद्धानंतर हे ट्रक नागरी हाती गेले आणि क्रमांकांवर नवे रंग चढले. आज चेपलेले, गंजलेले बॉनेट बदलले की ट्रक पुन्हा देखणा होतो; परंतु चासीवरचा अनुक्रमांक केवळ कारखान्याची साक्ष देतो, सैन्यातील ओळख जुन्या पत्र्यासोबत भंगारात जाते. म्हणून तो टाकण्यापूर्वी रंगाचे थर हलक्या हाताने, एकेक करून घासून पाहावेत. मात्र दुरुस्तीत बॉनेटांची अदलाबदलही होई. तेव्हा सापडलेला क्रमांक त्याच ट्रकचा, असे लगेच गृहीत धरू नये.