मार्जोरींचे एक मत
फिलाडेल्फियाची उपनगरे हा तेव्हा रिपब्लिकनांचा जुना बालेकिल्ला होता. तिथून १९९२ मध्ये डेमोक्रॅट मार्जोरी मार्गोलिस-मेझव्हिन्स्की अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निसटत्या मताधिक्याने निवडून आल्या. करवाढीला विरोध, हा त्यांचा शब्द होता. ५ ऑगस्ट १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे करवाढीचे अर्थविधेयक मतदानाला आले. राष्ट्राध्यक्षांचा फोन आला आणि मार्जोरींनी बाजू बदलली. विधेयक २१८ विरुद्ध २१६ असे काठावर तरले. समोरच्या बाकांवरील रिपब्लिकन सदस्यांनी हात हलवत, त्यांचे नाव घेत तिथेच निरोपाचा गजर केला. मत धाडसाचे होते, पण शब्द मोडला होता. १९९४ मध्ये रिपब्लिकन जॉन फॉक्स यांनी त्यांना हरवले. त्या वर्षीच्या रिपब्लिकन लाटेत डेमोक्रॅटांनी ५४ जागा गमावल्या. त्यामुळे पराभवाचे सारे खापर एका मतावर फोडणे अन्यायाचे ठरेल. २०१४ मध्ये पुनरागमनाच्या प्रयत्नात त्या पक्षांतर्गत निवडणुकीतच हरल्या.