पदरमोडीचा इतिहास

पहिले पुस्तक स्वतःच्या पैशांनी काढावे का, असे नवे लेखक मला विचारतात, तेव्हा त्यांचा आवाज खाली येतो. पदरमोड म्हणजे कमीपणा, असा समज रूढ झाला आहे. मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही.

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही काही प्रमाणात चालू राहिली. त्या निधीतून मराठी ग्रंथांना उत्तेजन मिळावे, अशी सुधारकांची मागणी होती. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि लेखकाला पदराला खार न लावता ग्रंथ लिहिण्याची सोय झाली. मात्र आश्रय आला की निवड आली, आणि निवडीबरोबर निवडणाऱ्यांची दृष्टीही आली.

१८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीला सादर केले. ग्रहदशेची भीती घालून भोळ्या कुणबी जोडप्याला लुबाडणारा जोशी आणि त्यातून सोडवणारे शिक्षण, हा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. तिथल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले. नाटक छापले गेले ते १९७९ मध्ये. ज्यांच्यासाठी ते लिहिले, त्यांच्या चार पिढ्या दरम्यान होऊन गेल्या.

फुले मात्र थांबले नाहीत. ब्राह्मणांच्या कसबाविषयीचे पुढचे पुस्तक त्यांनी स्वतःच्या पैशाने छापले. आज ज्याला आपण संकोचाने ‘स्वखर्चाचे प्रकाशन’ म्हणतो, तो त्यांच्यासाठी बोलण्याचा मोकळा मार्ग होता.

या काळाची आणखी एक खूण मला महत्त्वाची वाटते. १८६७ च्या मुद्रण कायद्यानुसार सरकार छापील पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करू लागले. पुस्तकाचे नाव, लेखक, मुद्रक, प्रकाशक, प्रतींची संख्या आणि किंमत यांबरोबरच ग्रंथहक्काच्या मालकाचे नाव आणि राहण्याचे ठिकाणही त्यांत नोंदवायचे होते. छपाईचा खर्च करणारा आणि हक्काचा मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रकान्यांनी तेव्हाच मान्य केले होते.

नवा लेखक नेमका इथे फसतो. तो पैसेही देतो आणि न वाचता सही करून हक्कही देऊन बसतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता. मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभर वापरला नाही, तर करारात वेगळे ठरलेले नसल्यास तो संपतो. एवढी कलमे माहीत असली, तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल.

म्हणून मी त्या लेखकांना उलट विचारतो : पैसे कुणाचे, हे राहू द्या. प्रती किती, त्या कुणाच्या ताब्यात, हिशेब कधी मिळणार आणि हक्क कुणाकडे? याची उत्तरे कागदावर असतील, तर पदरमोडीची लाज बाळगायचे कारण नाही. ती नसतील, तर मोठ्या नावाचा प्रकाशकही महागात पडू शकतो.