शुश्रूषेचें शिक्षण

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं जे चार गुण असावेत, त्यांत उपचारांचें ज्ञान पहिलें येतें. दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हे गुण त्यामागून. नुसती माया पुरत नाहीं, शुश्रूषा शिकावी लागते, हें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. असें असूनहि पुढें हें काम घरच्या सुनेच्या किंवा विधवा आत्याच्या पदरीं पडलें. आणि जें काम कोणालाहि करतां येतें असें एकदां ठरलें, तें शिकविण्याची तसदी कोणी घेत नाहीं. हें शिक्षण पुण्याकडे पुन्हां कसें उभें राहिलें, आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीला आज त्याची निकड कां आहे, याचा थोडा विचार करूं.

१८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें. बंदोबस्तासाठीं सरकारनें रँड या अधिकाऱ्यास नेमलें आणि गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरून रोगी हुडकूं लागल्या. साथ मोडावी हा हेतु कांहीं वाईट नव्हता. परंतु देवघरापर्यंत बूट गेले, बायकामाणसांची तपासणी परक्यांनीं केली, आणि दुखणेकऱ्यास त्याच्या अंथरुणावरून उचलून नेलें. त्या संतापांतूनच चिंचवडच्या चापेकर बंधूंनीं २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याचा राजकीय अर्थ पुष्कळांनीं सांगितला. शुश्रूषेच्या दृष्टीनें त्यांत आणखी एक बोध आहे : दुखणाइताच्या अंगाला परक्यानें हात लावावयाचा, तर त्याच्या कामाइतकीच त्याची रीतहि महत्त्वाची ठरते.

त्याच साथींत रोग्यांची सेवा करीत असतां सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनेंच निवर्तल्या. दया होती, धैर्य तर अलौकिक होतें. वाण होती ती शिकलेल्या हातांची.

ती वाण भरून काढण्याचा पद्धतशीर यत्न पुणें सेवासदनानें केला. न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं वारल्यावर रमाबाईंनीं स्त्रियांच्या कार्यास वाहून घेतलें, आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजीं ही संस्था स्थापन झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी. शिवणाचे व लेखनवाचनाचे वर्ग चालविणें त्या मानानें सोपें होतें. पण ससून रुग्णालयांत नर्सचें काम शिकण्यास पांढरपेशा घरच्या विधवेला पाठविणें हें दिव्यच होतें. परजातीच्या माणसाची सेवा, परपुरुषाच्या अंगाला स्पर्श, रात्रपाळी, विटाळ : यांतील एकेक शब्द घर पेटविण्यास पुरेसा होता. सेवासदनानें वाद घालीत बसण्यापेक्षां व्यवस्था लावली. शिकणाऱ्या मुलींसाठीं वसतिगृह काढलें, आणि रानड्यांच्या घराण्याची प्रतिष्ठा त्या कामामागें उभी केली. नर्स होणें हें अब्रूदार मुलीचेंहि काम होऊं शकतें, हें अशा व्यवस्थेमुळें लोकांना हळूहळू पटूं लागलें.

तरीहि गरज अफाट होती. ४३,००० लोकांमागें एक नर्स, असा देशाचा हिशेब १९४६ सालीं भोर समितीनें मांडला. १९४७ च्या कायद्यानें नर्सच्या शिक्षणास अखिल भारतीय परिषदेचा आधार मिळाला. परंतु तिच्या हाताखालीं अंग पुसणारी, घास भरविणारी, भांडें देणारी बाई मात्र नुसती 'मावशी'च राहिली.

आतां पिंपरीकडे वळूं. १९५४ सालीं तेथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. मागोमाग भोसरी, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. त्या काळीं गांव सोडून आलेला तरुण कामगार आज वृद्ध झाला आहे. मुलगा पाळीवर, सून नोकरीवर. आणि पक्षाघातानें अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याजवळ बारा तास बसणारी बाई ब्यूरोमार्फत येते. पुष्कळदां तिला कोणींच कांहीं शिकविलेलें नसतें. याच पट्ट्यांत मुलाला लेथवर उभें करण्यापूर्वीं आय. टी. आय.चा दाखला विचारतात. १९६१ च्या कायद्यानें उमेदवारीची रीतहि घालून दिली आहे. लोखंडाला शिकलेला हात पाहिजे आणि आईच्या पाठीला न शिकलेला चालतो, हा कोणता हिशेब?

शिकविण्याची सोय नाहीं असें मात्र नव्हे. २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत 'जनरल ड्यूटी असिस्टंट'सारखे अभ्यासक्रम घेण्यांत आले. असल्या शिक्षणांत काय येतें? रोग्यास ठराविक वेळानें कुशीवर वळविणें, म्हणजे पाठीस जखमा होत नाहींत. ठसका लागणाऱ्यास ताठ बसवून लहान घास देणें. ताप, नाडी व लघवीचें प्रमाण टिपून ठेवणें. पलंगावरून खुर्चींत घेतांना त्याचा खांदा आणि आपली कंबर दोन्ही सांभाळणें. औषधाची मात्रा बदलणें हें आपलें काम नव्हे, हें ओळखणें. आणि या सर्वांच्या आधीं, दार लावून घेऊन, "आजी, कूस बदलूं या ना?" असें विचारणें. प्लेगच्या शिपायांना जें कोणीं शिकविलें नाहीं, तें हेंच.

राहतां राहिलें आपलें कर्तव्य. सेविकेचा दाखला पाहण्याचा अधिकार आपणांस आहे. पण तिचें जेवण, तिची झोप, तिची सुटी आणि शिकलेल्या माणसाला साजेसें वेतन, यांची तजवीजहि आपणांसच केली पाहिजे. सेवासदनानें शिकणाऱ्या मुलीला आधीं राहावयास छप्पर दिलें, मग रुग्णालयांत धाडलें. तो क्रम आपण विसरलों, तर कितीहि वर्ग काढले तरी त्यांत शिकावयास कोण येईल?