जमीन कोणाची? आदिलाबादचे गोंड आणि दोन स्वतंत्र साक्षी



हैदराबाद संस्थानाच्या इतिहासावर आपल्याकडे जे लेखन झाले, त्याचा बहुतेक भाग १९४८ च्या पोलीस कारवाईभोवती फिरतो. ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच दशकात संस्थानाच्या उत्तर टोकाला, आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगरपठारावर, एक वेगळा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न झाला. त्यात मराठी माणसाचा वाटा होता आणि मराठी माणसाचा दोषही होता, म्हणून या व्यासपीठावर तो मांडणे मला उचित वाटते.

आदिलाबादचे राजगोंड हे एके काळी राज्यकर्ते. चांद्याचे गोंड राज्य अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले आणि पुढे वर्धा-पैनगंगेच्या दक्षिणेचा मुलूख निजामाच्या अमलाखाली राहिला. गोंडांच्या शेतीची रीत अशी होती की पठारावरील हलकी जमीन काही वर्षे कसावयाची, कस उतरला की ती मोकळी सोडून शेजारची धरावयाची, आणि काही वर्षांनी पुन्हा पहिलीकडे यावयाचे. सोडलेली जमीन ही त्यांच्या हिशेबी टाकलेली नव्हे, विसाव्याला ठेवलेली जमीन होती. मोजणीदाराला मात्र त्या वर्षी तेथे पीक दिसले नाही. त्याने दप्तरात तिची नोंद पडीक अशी केली, आणि पुढे राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या तेव्हा ती सरकारी वनात गेली. गावे जागच्या जागी राहिली, पण त्यांच्याभोवतीची मोकळी जागा नाहीशी झाली. एका शब्दाच्या नोंदीने इतका अनर्थ व्हावा, हे महसुली दप्तरांचा ज्यांना परिचय आहे त्यांना नवल वाटणार नाही.

दुसरीकडे सुपीक काळी जमीन पट्ट्याच्या मार्गाने जात होती. पट्टा मिळवावयाचा तर अर्ज हवा, कचेरीत खेटे हवेत, दरबारी भाषा उर्दू. गोंडांत साक्षर जवळजवळ नव्हतेच. त्यांची जमीन बहुधा ‘सिवाय जमाबंदी’ खाली, म्हणजे पट्ट्याशिवाय वर्षावर्षाच्या कसणुकीवर असे. काजीपेठ-बल्लारशा लोहमार्ग झाला, कापसाला भाव आला, आणि बाहेरचे शेतकरी, सावकार व वतनदार या मुलखात उतरले. त्यांत तेलुगू भाषिक होते तसे वऱ्हाडाकडून आलेले मराठी भाषिकही होते. आपल्या पूर्वजांनी कष्टाने रान मोडून शेते केली, असे आपण घरोघर ऐकतो. ते कष्ट खरे आहेत. ते रान कोणाचे होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

कुमरम भीम याने तो विचारला. बाबेझरी येथे जमीन कसू द्यावी म्हणून त्याने अर्ज-विनंत्या केल्या, आणि वनखात्याच्या माणसांनी झोपड्या जाळल्यावर शस्त्र धरले. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळीबारात तो काही साथीदारांसह मारला गेला. सरकारी दृष्टीने प्रकरण मिटले होते. अशा वेळी निजाम सरकारने बंडाच्या कारणांचा शोध घेण्याचे ठरविले, ही त्या राजवटीच्या खात्यावर जमा करावी अशी गोष्ट आहे.

शोध घेणारा मनुष्य मोठा विलक्षण मिळाला. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते भारतात होते. ऑस्ट्रिया हिटलरने गिळंकृत केल्यामुळे त्यांचे पारपत्र जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी ते शत्रुपक्षीय नागरिक. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहावे अशा मर्यादेवर त्यांना मोकळीक मिळाली. ज्याचे स्वातंत्र्य सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने सरकारला रुचेल असा अहवाल लिहिला असता तर कोणी दोष दिला नसता. हायमेनडॉर्फ पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई या गोंड वस्तीत जाऊन राहिले, गोंडी शिकले, आणि त्यांनी निष्कर्ष दिला तो असा की बंडाचे मूळ गोंडांच्या स्वभावात नसून सरकारच्याच जमीन व जंगल व्यवस्थेत आहे. महसूल खात्यात त्यांना डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्यासारखा, बस्तरच्या माडियांवर स्वतः ग्रंथ लिहिलेला, वरिष्ठ लाभला, हेही नमूद केले पाहिजे. ऐकणारा नसता तर अहवाल कपाटातच राहिला असता.

दुसरे साक्षीदार आपल्या परिचयाचे आहेत. सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांना महाराष्ट्र शिवकालाचे इतिहासकार आणि फार्सी साधनांचे अनुवादक म्हणून ओळखतो. पण हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना गोंडांच्या प्रश्नासाठी नेमलेले विशेष अधिकारी म्हणून त्यांनी आदिलाबादेत काम केले, गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात करून त्यांची व्याकरणे लिहिली, आणि १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. निलंग्याच्या या तरुण अधिकाऱ्याला दुभाष्यावर भागवता आले असते. तक्रारदाराचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकावयाचे, एवढा एक निश्चय त्यांनी केला, आणि पटवाऱ्याने सांगितलेली हकीगत व गोंडाने सांगितलेली हकीगत यांतील अंतर त्यांना कळले.

या सर्वांच्या प्रयत्नाने त्या दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना मिळून लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे मिळाले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. तेथील गोंडी वाचनमाला देवनागरीत छापली गेली. गोंडांच्या कानावर मराठी असल्याने ही लिपी सोयीची ठरली. तेथून बाहेर पडलेले तरुण प्रथमच पट्ट्यावर काय लिहिले आहे ते वाचू लागले. १९४६ मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा झाला. शाळेच्या व्यासपीठावरून बोलतो म्हणून नव्हे, पण या सगळ्यांत मला शाळाच अधिक मोलाची वाटते. कायदा पुढे अनेकांनी वाकविला.

वाकविला तो कसा, हे थोडक्यात सांगतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. आदिवासींची जमीन इतरांकडे जाण्यास बंदी घालणारा १९५९ चा आंध्रचा नियम तेलंगणात १९६३ मध्ये लागू झाला आणि १९७० मध्ये अधिक कडक झाला. तरीही हस्तांतर चालूच राहिले. १९७० नंतर परत आलेल्या हायमेनडॉर्फ यांना आपण मिळवून दिलेल्या जमिनी परक्यांच्या ताब्यात दिसल्या, आणि ते त्यांनी उतारवयात निःसंकोच लिहिले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता. प्रत्यक्षात कितीतरी अधिक माणसे गेली, असे गोंडांचे म्हणणे आहे.

बेटी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादेत निवर्तल्या. त्यांची समाधी मारलवाईला आहे. १९९५ मध्ये लंडनला वारलेल्या पतीच्या अस्थीही नंतर तेथेच आणल्या गेल्या. २०१६ साली तेलंगणाने एका नव्या जिल्ह्याला कुमरम भीमचे नाव दिले. त्याच जिल्ह्यातील आसिफाबादहून जून २०२३ मध्ये वनजमीन कसणाऱ्या सुमारे दीड लाख आदिवासींना चार लाखांहून अधिक एकरांचे पट्टे देण्यास आरंभ झाला. बाबेझरीच्या अर्जात याहून वेगळे काही मागितलेले नव्हते.